त्या मंगळवारी वाट पाहणारी माणसं : ११ जुलैच्या आठवणी नोंदवण्याची कृती

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या सात लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत स्फोट झाले. खार-सांताक्रूझ, वांद्रे-खार, जोगेश्वरी, माहीम, मीरा रोड-भाईंदर, माटुंगा-माहीम आणि बोरिवली. १८० हून अधिक माणसं गेली, ८०० हून अधिक जखमी झाली. हे सगळं कोर्टाच्या कागदांत आणि वर्तमानपत्रांच्या फायलींत आहे, आणि ते राहील.

मुंबईच्या दिंडोशी भागातली ती संध्याकाळ मात्र माणसांच्या डोक्यातच आहे. इथल्या माणसाला गोरेगाव नाहीतर मालाडला उतरून बस किंवा रिक्षा धरावी लागते. या दोन स्टेशनांच्या एका बाजूला जोगेश्वरी, दुसऱ्या बाजूला बोरिवली, आणि दोन्हीकडे स्फोट. नागरी निवाऱ्यात, संतोषनगरात, कुरारमध्ये, आप्पापाड्यात त्या रात्री घराघरांत कुणी ना कुणी यायचं बाकी होतं. बहुतेक जण उशिरा का होईना, आले. म्हणूनच त्यांना विचारलं की ते म्हणतात, ‘आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, आम्हाला काही झालं नाही.’ माझं म्हणणं एवढंच आहे, की शहरावर घाला आला त्या दिवसाचा मोठा भाग या ‘काही न झालेल्या’ माणसांनीच भोगला आहे. कोण चालत आलं, कुणी पाणी दिलं, कुणाच्या फोनसाठी कुणाच्या घरात गर्दी झाली, हे तेच सांगू शकतात.

२०२६ च्या ११ जुलैला या दिवसाला २० वर्षं होतात. तेव्हा पंचेचाळिशीत असलेली माणसं पासष्टीला पोहोचली आहेत आणि तेव्हा साठीत असलेली ऐंशीला. आठवणी अजून मिळतात. अमेरिकेत कोलग्रोव्ह नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लिंकनच्या खुनानंतर तेहतीस वर्षांनी १७९ जणांना विचारलं होतं, की ती बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात. त्यांतल्या १२७ जणांनी जागा, वेळ, हातातलं काम, सांगणारा माणूस असं तपशिलात सांगितलं. आपल्याकडेही पानशेतचा पूर किंवा किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या माणसाशी बोलून पाहा, तो घड्याळाच्या काट्यापासून सुरू करतो. तेव्हा उशीर झालेला नाही, पण आता थांबायलाही नको. तुमच्या सोसायटीत, चाळीत, मंडळात हे काम करायचं असेल तर त्याची पद्धत पुढे दिली आहे.

काय लागेल

आवाज रेकॉर्ड करणारा साधा मोबाइल, चार्जर, कोरी वही, दोन पेन, मोठा कोरा कागद आणि पेन्सिल, संमतीपत्राच्या प्रती, एक पेनड्राइव्ह. सोबत दुसरा माणूस असला तर बरं. एक विचारेल, दुसरा वेळ आणि नावं टिपेल. एका माणसासाठी दीड तास धरा. एका दिवसात दोनच माणसांशी बोला. तिसऱ्याचं ऐकताना तुमचं लक्ष राहत नाही आणि ते त्याला कळतं.

१. आधी त्या दिवसाचं टिपण करा

अर्ध्या पानावर खात्रीच्या गोष्टी लिहा. स्फोटांच्या वेळा आणि ठिकाणं. मंगळवार होता, म्हणजे दादरला उतरून सिद्धिविनायकाला जाणारे बरेच होते. गुरुपौर्णिमा होती, म्हणजे काही जण मठात, काही जण क्लासच्या सरांकडे गेलेले. दोनच दिवस आधी, रविवारी, शिवाजी पार्कला मीनाताई ठाकरे यांच्या पुतळ्याची विटंबना होऊन मुंबईत तणाव झाला होता आणि त्याच रात्री फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, म्हणजे स्फोट झाले तेव्हा उजेड होता.

तेव्हा काय नव्हतं, हेही लिहून ठेवा. राम मंदिर स्टेशन २०१६ मध्ये सुरू झालं. मेट्रो नव्हती, दिंडोशीचं मेट्रो स्टेशनही नव्हतं. हायवेवरचं जोगेश्वरीचं ट्रॉमा रुग्णालय नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. चोवीस तास मराठी बातम्या देणाऱ्या वाहिन्या २००७ मध्ये आल्या. हे टिपण फक्त तुमच्यासाठी आहे. बोलणाऱ्याला ते दाखवू नका, नाहीतर तो तुमच्या टिपणातलं सांगू लागेल.

२. माणसं निवडा

आधी जखमी किंवा ज्यांच्या घरचं कुणी गेलं त्यांच्याकडे धावू नका. त्यांना आजवर पुष्कळांनी विचारलं आहे. सुरुवात आजूबाजूच्यांपासून करा आणि यादीत निदान इतके प्रकार असू द्या :

- त्या संध्याकाळी रेल्वेत किंवा फलाटावर असलेला माणूस, स्फोट झालेल्या गाडीत नसला तरी चालेल.
- लेडीज डब्यातून प्रवास करणारी बाई. स्फोट पुरुषांच्या गर्दीच्या फर्स्ट क्लासमध्ये झाले, पण त्याच गाड्यांत तिचाही डबा होता.
- घरी वाट पाहत बसलेली बाई किंवा आजी.
- तेव्हा शाळेत असलेलं मूल, जे आज तिशीच्या आसपास आहे.
- स्टेशनबाहेरचा रिक्षावाला, बेस्टच्या दिंडोशी डेपोत काम केलेला चालक किंवा वाहक.
- ज्याच्या दुकानात किंवा घरात फोन होता तो.
- दवाखान्यात किंवा रुग्णालयात ड्युटीवर असलेली नर्स, वॉर्डबॉय, आया.
- त्यानंतरच्या दिवसांत ज्यांच्याकडे नावामुळे किंवा दाढीमुळे संशयाने पाहिलं गेलं, असे मुसलमान शेजारी. त्यांनीही त्या रात्री आपल्या माणसांची वाट पाहिली होती.

दिंडोशीत मराठीसोबत हिंदी आणि गुजरातीही बोलली जाते. ज्याला ज्या भाषेत आठवतं त्या भाषेत बोलू द्या.

३. पहिला फोन

हेतू एका दमात, साध्या शब्दांत सांगा. ‘काकू, नमस्कार. आपल्या भागातल्या लोकांना ११ जुलैचा, गाड्यांमधल्या स्फोटांचा दिवस कसा आठवतो ते आम्ही लिहून ठेवतोय. तुम्ही त्या दिवशी जिथे होतात तिथलंच सांगायचं. नको वाटलं तर मध्येच थांबू. तुमचं नाव घालायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.’

‘माझ्याकडे काय सांगण्यासारखं?’ असं उत्तर आलं तर पटवत बसू नका. एवढंच विचारा, ‘त्या दिवशी घरी शेवटचं कोण आलं?’ बहुतेकदा याच प्रश्नावर फोनवरचा माणूस सांगायला लागतो. त्याला तिथेच थांबवा आणि वेळ ठरवा. फोनवर एकदा सांगून झालेलं समोर बसल्यावर निम्मंच येतं.

४. संमती कागदावर घ्या

कागदावर चार ओळी पुरतात : रेकॉर्डिंग कशासाठी आहे, ते कुणाला ऐकवलं जाईल, नाव द्यायचं की बदलायचं, आणि पुढे कधीही ‘हे काढून टाका’ म्हणण्याचा हक्क. खाली सही आणि तारीख. लिहिता येत नसेल तर तेच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडी वदवून घ्या. घरातल्या दुसऱ्या कुणाची गोष्ट येणार असेल तर त्या व्यक्तीलाही विचारा. नवऱ्याने बायकोच्या रडण्याची परस्पर परवानगी देऊन चालत नाही.

५. जागा आणि आवाज

शक्य तर त्यांच्या घरीच बसा, दरवाज्यापासून आणि रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब. फोन विमान मोडवर टाका. तो बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, टेबलावर दुमडलेल्या रुमालावर ठेवा. टीव्ही बंद, पंखा कमी, कुकर लावायचा असेल तर तो आधी होऊ द्या. मिनिटभर रेकॉर्ड करून ऐका आणि मगच सुरू करा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, तुमचं नाव बोला.

स्फोटाच्या जवळ असलेल्या माणसाला कमी ऐकू येत असण्याची शक्यता धरा. स्फोटाच्या दाबाने कानाचे पडदे फाटतात. कोणत्या बाजूला बसू, हे विचारा आणि समोर तोंड करून बोला.

६. सकाळपासून सुरू करा

थेट साडेसहाला जाऊ नका. सरळ स्फोटावर आलात तर माणूस टीव्हीवर पाहिलेलं सांगतो. सकाळपासून आलात तर तो त्या दिवसात शिरतो. ‘सकाळी किती वाजताची गाडी?’ ‘डब्यात काय नेलं होतं?’ ‘ऑफिसात गुरुपौर्णिमेचं काही होतं का?’ ‘नेहमीचीच गाडी पकडलीत की मागची?’ हा शेवटचा प्रश्न कधीच गाळू नका. त्या दिवशी कुणाची गाडी चुकली, कुणाला साहेबांनी थांबवून घेतलं, कुणी भाजी घ्यायला दादरला उतरलं. असे पुष्कळ जण ते पाच-दहा मिनिटांचं अंतर २० वर्षं मनात धरून आहेत आणि त्याबद्दल घरातही बोललेले नाहीत.

‘तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न शेवटाकडे ठेवा. आधी डोळे, कान, नाक, पाय यांचं विचारा : काय दिसलं, काय ऐकू आलं, कुणाशी पहिलं बोललात, किती चाललात, पायात काय होतं. भावना त्यातून आपोआप येतात. न आल्या तर ओढून काढू नका.

७. कागदावर रस्ता काढायला सांगा

कोरा कागद पुढे करा आणि घरी आलेला रस्ता काढायला सांगा. गाडी कुठे थांबली, रुळांवर उडी कुठे मारली, एस. व्ही. रोडला आले की हायवेला, कुठे पाणी मिळालं, रिक्षावाल्याने किती घेतले की पैसेच घेतले नाहीत. काढताना हात थांबतो आणि माणूस म्हणतो, ‘इथे एक मुलगा होता…’ तोंडी सांगताना जे निसटतं ते बहुधा असंच बाहेर येतं. नकाशा चुकीचा निघाला तरी दुरुस्त करू नका. मागच्या बाजूला तारीख आणि त्यांची सही घ्या.

८. वाट पाहणाऱ्यांना त्यांचे प्रश्न विचारा

घरी असलेल्या बाईला ‘मिस्टर कुठे होते?’ विचारलंत तर ती त्यांची गोष्ट सांगेल, स्वतःची नाही. तिला विचारा : बातमी कुणी दिली? टीव्ही लावलात की बंद केलात? मोबाइल लागेनात, तेव्हा किती वेळ नंबर फिरवत होतात? शेजारी कुणाकडे गेलात? मुलांना काय सांगितलंत? जेवण केलंत का? किती वाजता कुणीतरी ‘कूपरला जाऊन बघू या’ म्हणालं? जखमींना कूपर, भगवती, व्ही. एन. देसाई, भाभा, सायन, केईएम अशा वेगवेगळ्या रुग्णालयांत नेलं होतं, त्यामुळे शोधणाऱ्यांना एकातून दुसऱ्यात जावं लागलं. तुमच्या इमारतीतून कोण कुणासोबत गेलं, याची यादी करून घ्या. त्या रात्रीचा शेजार या यादीतून कळतो.

तेव्हा लहान असलेल्यांना विचारा की मोठी माणसं हळू आवाजात काय बोलत होती. लहानपणी अर्धवट ऐकलेली वाक्यं अनेकांच्या मनात राहतात.

९. दोन जुलै वेगळे करा

मुंबई उपनगरातल्या आठवणींत होणारा हा सगळ्यात मोठा घोळ आहे. २६ जुलै २००५ हाही मंगळवारच होता. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, मोबाइल बंद, हायवेवरून चालत येणारे लोक, पाणी-बिस्किटं देणारे अनोळखी हात, हे सगळं दोन्ही दिवशी होतं. मधे एक वर्षही नाही. त्यामुळे ‘अकरा जुलैला मी गुडघाभर पाण्यातून आलो’ असं मनापासून सांगणारे भेटतात.

त्यांना ‘चुकताय’ म्हणू नका. पुढचे प्रश्न विचारा : कपडे भिजले होते का? घरात वीज होती का? रात्री घरी पोहोचलात की दुसऱ्या दिवशी? ऑफिस तेच होतं का? धाकट्याचा जन्म झाला होता का? दोन-तीन खुणा मिळाल्या की माणूस स्वतःच म्हणतो, ‘थांबा, ते आदल्या वर्षीचं.’ नाही म्हणाला तर तसंच राहू द्या आणि वहीत शेजारी खूण करा. राम मंदिर स्टेशन, मेट्रो, मराठी बातम्यांची वाहिनी असे नंतरचे तपशील आले तरी हेच करा.

अशा चुकीमुळे माणूस खोटा ठरत नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं तेव्हा नाइसर आणि हार्श या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं, ‘बातमी कशी कळली.’ अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. चौथाई जणांचं नवं उत्तर जुन्याशी एकाही मुख्य मुद्द्यात जुळलं नाही, आणि तरीही अनेकांना आपल्या आठवणीची पुरती खात्री होती. म्हणून नियम असा : सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवा, पडताळणी वेगळ्या रकान्यात लिहा. दोन्ही जपा, एकाने दुसरं पुसू नका.

१०. बुधवारची सकाळ विचारा

१२ जुलैला सकाळी गाड्या धावत होत्या आणि लोक त्यांत चढले. इथे ‘मुंबईचं स्पिरिट’ हे शब्द येतील. ते लिहा, पण तिथे थांबू नका. विचारा : घरात कोण ‘जाऊ नको’ म्हणालं? सुट्टी घेतली असती तर पगार कापला असता का? त्याच डब्यात चढलात की दुसऱ्या? सामानाच्या रॅककडे, बेवारस बॅगेकडे किती दिवस बघत होतात? नेहमीच्या ग्रुपमधलं कोण नव्हतं? या उत्तरांत माणसाचा धीरही आहे, भीतीही आहे आणि नाइलाजही आहे. तिन्ही लिहिले गेले पाहिजेत. एकट्या धीराचं कौतुक करून आपण त्या माणसांवर अन्याय करतो.

११. दुखऱ्या जागी आलात तर

माणूस गप्प झाला तर तुम्हीही गप्प बसा. रेकॉर्डिंग चालू राहू द्यायचं का, हे शांतपणे विचारा. पाणी द्या. पुढचा प्रश्न घाईने टाकू नका आणि ‘जाऊ दे, झालं ते झालं’ असं तर मुळीच म्हणू नका. निघण्याआधी बोलणं हलक्या विषयावर आणा, चहा होऊ द्या, घरात कुणीतरी सोबत आहे याची खात्री करा. संध्याकाळी फोन करून विचारपूस करा. झोप उडाली आहे, छाती धडधडते असं कळलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर द्या. तिथे मराठीत बोलता येतं.

१२. ‘कुणी केलं’ हे विचारू नका

या स्फोटांचा खटला सोपा नाही. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला. ज्यांचं माणूस गेलं त्यांना या सगळ्याचं काय वाटतं ते त्यांनी आपणहून सांगितलं तर लिहा, तेही त्या दिवसाचंच लांबलेलं दुःख आहे. पण शेजाऱ्यावर, एखाद्या जातीधर्मावर ठेवलेला ठपका जाहीर वाचनात किंवा छापील प्रतीत घेऊ नका. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो राहू द्या आणि त्यावर ‘जाहीर नाही’ असा शेरा मारा.

१३. उतरवा आणि परत दाखवा

तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात. आठवड्याच्या आत उतरवा, तोवर आवाज कानात असतो. ‘गेलेलो’, ‘आयलो’, ‘मैं क्या बोलूं’ हे जसं बोललं तसंच लिहा, पुस्तकी करू नका. अडखळणं, थांबणं कंसात नोंदवा. मग मोठ्या अक्षरांत छापून सांगणाऱ्याच्या हातात द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. त्यांना जे काढायचं असेल ते काढा. हा टप्पा टाळलात तर पुढच्या वेळी त्या घराचं दार उघडणार नाही, आणि ते योग्यच असेल.

१४. जपा

प्रत्येक फाइलला तारीख आणि क्रमांक द्या. नाव आणि क्रमांक यांची जोड वेगळ्या वहीत ठेवा. तीन प्रती करा : एक तुमच्याकडे, एक पेनड्राइव्हवर सोसायटीच्या कपाटात, एक दुसऱ्या घरात किंवा ऑनलाइन. उतरवलेल्याची एक छापील प्रत सांगणाऱ्याच्या कुटुंबाला आणि एक जवळच्या वाचनालयाला द्या. फोनमधलं रेकॉर्डिंग फोनसोबतच जातं, म्हणून त्याच रात्री प्रत काढा.

१५. एकत्र वाचा

११ जुलैच्या जवळच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तासभर वाचन ठेवा. भाषण नको, पाहुणे नकोत. ज्यांनी परवानगी दिली त्यांचेच उतारे घ्या, शक्यतो त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या नातवंडांनी वाचलेले. शेवटी कोरे कागद ठेवा. ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना आपलं आठवतं आणि पुढची यादी तिथेच तयार होते.

हे सगळं एकदम जमवायचं म्हटलं तर सुरुवातच होणार नाही. पहिल्या पायरीचं अर्ध्या पानाचं टिपण आज करा आणि उद्या तुमच्या मजल्यावरच्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, की त्या रात्री घरी शेवटचं कोण आलं.